घटक चाचणीच्या मागच्या बाजूला

आमच्या घरी लग्नाची पत्रिका आली की मी आधी ती उलटी करून बघतो. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, नातीच्या शाळेची सूचना, काहीही असो, आधी मागची बाजू. बायको वैतागते. "अजी, पहले आगे का तो पढो!" म्हणते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड गेली नाही. तिला वाटतं ही माझी कचेरीतली सवय आहे. सवय कसली, ही भीती आहे. आजवर कुणाला सांगितली नव्हती. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून तगादा लावलाय, तर तीच लिहून टाकतो.

मी प्राथमिक शिक्षकांच्या एका संघटनेत एकतीस वर्षं रेकॉर्ड कीपर होतो. मुख्य कचेरी नांदेडला. लातूरला शाखा आणि सभासदांच्या लेकरांसाठी एक वसतिगृह. माझं आडनाव सय्यद, पण दोन्ही जिल्ह्यांतले मास्तर मला मामूच म्हणायचे. रेकॉर्ड कीपर म्हणजे काय करतो, असं लोक विचारायचे. मास्तर सभासद झाला की त्याची फाईल उघडायची. त्यात त्याचा अर्ज, बदलीची रडगाणी, आजारपणाचे दाखले, वारसाचं नाव, आणि तो गेला की शोकसभेच्या ठरावाची प्रत. एका भागातल्या फायली एकत्र करून लाल कापडात बांधायच्या. त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणायचो. निजामाच्या कचेऱ्यांतला शब्द, आमच्याकडं टिकून राहिला. एवढंच काम. पण मास्तर दारात उभा राहून नाव सांगायच्या आत माझा हात त्याच्या रुमालावर पडलेला असायचा, याची मला लई घमेंड होती.

आमची अजून एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मास्तर लोक कागद वाया जाऊ देत नाहीत. एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा राहिलेला कागद म्हणजे पाठकोरा. जुनी परिपत्रकं, उरलेल्या प्रश्नपत्रिका, रद्द झालेली निमंत्रणं, सगळ्यांचे गठ्ठे करून आम्ही ठेवायचो आणि कच्चं लिखाण त्यांच्या पाठीवर करायचो. कच्चं म्हणता म्हणता पक्कंही त्याच्यावरच व्हायला लागलं. या बाबतीत कचेरीत माझ्याएवढा कंजूष दुसरा कुणी नव्हता.

त्र्याण्णवचा भूकंप झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं जीपनं लातूरकडं निघालो. आपले कोणते सभासद आहेत, कोणते गेले, हे बघायला. जीपमध्ये चादरी होत्या, बिस्किटं होती आणि लिहायला म्हणून मी चौथीच्या गणिताच्या घटक चाचणीचे उरलेले कागद उचलले होते. हाताला तेच लागले. तिथं काय काय पाहिलं ते मी लिहीत नाही. लिहवत नाही.

एका गावाबाहेर शाळेच्या पटांगणात ताडपत्री बांधली होती. तिथं बिराजदार गुरुजी पडले होते. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरला पहिली नेमणूक असताना ते कायम आमच्या कचेरीत यायचे, लग्नही तिकडच्याच पोरीशी केलं होतं. बायको भिंतीखाली गेली. सहा महिन्यांची पोरगी जिवंत निघाली, ती शेजारच्या बाईजवळ होती. गुरुजींचा उजवा हात कापडात गुंडाळलेला होता, आणि त्या कापडाकडं बघवत नव्हतं.

"मामू, लिहून घ्या," गुरुजी म्हणाले.

"आधी दवाखाना, गुरुजी. लिहायचं काय घेऊन बसलात?"

"गाडी येईपर्यंत लिहा. पोरीसाठी हाय."

मी घटक चाचणीचा कागद उलटा केला, त्याच्या खाली बिस्किटांचं खोकं घेतलं आणि शाईच्या पेनानं अकरा ओळी लिहिल्या. पाऊस भुरभुरत होता, कागद दमट होता, शाई पसरत होती. गुरुजींनी डाव्या हातानं सही केली. इतकी दाबून केली की निब कागदात रुतलं. मग गाडी आली, त्यांना घेऊन गेली, आणि लातूरला पोचायच्या आधीच ते गेले.

तिसऱ्या दिवशी इस्लापूरहून पोरीचा मामा आला. गंगाधर त्यांचं नाव, शेतकरी माणूस. मिळेल त्या गाडीनं आलेले, पायात चप्पल नव्हती. पोरगी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, गुरुजींनी काही लिहून ठेवलंय, वाचून दाखवतो. त्यांनी माझा हातच धरला.

"न्हाई साहेब. आत्ता नका ऐकवू. मला न्हाई सहन व्हायचं. तुमच्यापाशी राहू द्या. पोरगी शाणी झाली की तिचं तिलाच वाचू द्या."

मी जबान दिली. संघटनेत आलेला कागद कुठं जात नाही, म्हणालो. नांदेडला आल्यावर भूकंपाच्या सगळ्या कागदांचा वेगळा रुमाल बांधला आणि त्यात तो कागद दोऱ्यानं शिवून टाकला. नक्कल करून ठेवावी असं दरवर्षी मनात यायचं. करू की, कुठं पळून चाललाय कागद, असं म्हणत सतरा वर्षं काढली.

त्या दौऱ्यानंतर रेकॉर्ड रूममध्ये बसायची मला धास्ती बसली होती. छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यावर रुमाल. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की रॅक किंचित हलायचे आणि मी काहीतरी काम काढून बाहेर येऊन उभा राहायचो. शिपाई हसायचे. हसू द्या म्हणायचो. पण मला खरं भ्यायला पाहिजे होतं ते दुसऱ्याच गोष्टीला, आणि ती अजून यायची होती.

लातूर उभं राहिलं आणि बघता बघता क्लासचं गाव झालं. दहावी झाली की पोरगं लातूरला, असं घरोघर ठरूनच गेलं. सभासदांना वसतिगृहासाठी दाखले पाहिजेत, तेही उभ्या उभ्या. जून महिन्यात आमच्या दारात बापांची रांग लागायची आणि त्यातला एक तरी भांडून जायचा. त्यात देगलूरकडचा अख्खा रुमाल वाळवीनं खाल्ला. तेव्हा सरचिटणीस म्हणाले, "मामू, बस्स झाले रुमाल. आता कॉम्प्युटर."

म्हणजे असं की, प्रत्येक कागदाचा यंत्रानं फोटो घ्यायचा. सभासद क्रमांक, कागदाचा प्रकार, साल, एवढं त्या फोटोला जोडायचं. मग नांदेडला बसा नाहीतर लातूरला, क्रमांक टाकला की कागद पडद्यावर हजर. मला त्या यंत्राची भीती वाटायची. आणि माझा स्वभाव असा की ज्याची भीती वाटते त्याच्याशी मी जास्तच कडक वागतो. मी त्या कामाचा असा कोतवाल झालो की सरचिटणीससुद्धा दचकून राहायचे.

यंत्रावर सुनंदाबाई होत्या. वीस वर्षं आमच्याकडं टाईपिस्ट, मूळच्या औशाकडच्या. पन्नाशीत त्यांनी ते यंत्र शिकून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मामू, हे दोन्ही बाजू घेतं. घेऊ का? टाईम लई लागून राहिलाय पण."

मी पडद्यावर बघितलं. तीन फायली झाल्या होत्या आणि निम्मी पानं कोरी.

"मागं काय असतंय बाई? पाठ कोरीच असते. बंद करा ते."

हे मी बोललो. ज्यानं जन्मभर कागदाच्या पाठीवर लिहिलं, त्यानं. यंत्रासमोर मी इतका हुशार व्हायला निघालो होतो की स्वतःचंच काम विसरलो. तोबा.

पुढचा हुकूमही माझाच. फोटो मळकट दिसतात, डाग दिसतात, ते साफ करा. यंत्रात तशी सोय होती, कागद धुतल्यासारखा पांढरा व्हायचा. आणि शेवटचा हुकूम म्हणजे नष्ट करायच्या कागदांची यादी. तिच्यावर 'तपासले' असं लिहून मी सही ठोकली. गोण्या भरून ट्रक परजिल्ह्यातल्या एका कागद कारखान्याकडं गेला. रिकाम्या रॅककडं बघून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! आता ट्रक गेला तरी काही हलणार नव्हतं.

वीस दिवसांनी उमरीचे एक म्हातारे हेडमास्तर आले. हे गृहस्थ रिटायर झाल्यापासून दर महिन्याला आपली फाईल जागेवर आहे का बघायला यायचे. कुणी चोरणार होतं थोडंच! मी ऐटीत त्यांचा क्रमांक टाकला. त्यांचा अर्ज पडद्यावर आला. त्यांनी चष्मा पुसला, वाचला आणि म्हणाले, "बराबर हाय. आता मागली बाजू दावा."

"मागची कशाला, गुरुजी?"

"कशाला म्हंजे? माझी जन्मतारीख दुरुस्त केली ती मागंच लिहिली न्हाई का? तुम्हीच लिहिली मामू, तुमच्याच हातानं."

आणि ते उठून चक्क कॉम्प्युटरच्या मागं जाऊन बघून आले. सुनंदाबाई हसल्या. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मला भूकंपाचा रुमाल आठवला होता.

हेडमास्तरांना कसंतरी वाटेला लावलं. सुनंदाबाई जेवायला गेल्यावर एकट्यानं बिराजदार गुरुजींचा क्रमांक टाकला. पडद्यावर आलं: इयत्ता चौथी, विषय गणित, घटक चाचणी. प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा. खाली बेरजा. बेरजांच्या मधूनमधून मळकट डाग. बस्स. या अल्ला, म्हणालो, आणि पडदा बंद केला.

कारखान्यात फोन केला. तिकडचा माणूस हसला. "साहेब, त्याचे पुठ्ठे होऊन बाजारात गेले बी."

मी कुणाला काही बोललो नाही. सांगितलं असतं तर सरचिटणीसांनी कानउघाडणी केली असती, फार तर घरी बसवलं असतं. पण लोक काय म्हणतील त्यापेक्षा मला भीती होती ती एकाच माणसाची. गंगाधररावांचा फोन दर दिवाळीला यायचा. "कागद हाय ना, साहेब?" एवढंच विचारायचे, मी "हाव" म्हणायचो. कचेरीतला फोन वाजला की आता उचलायला मी शिपायाला पाठवायचो. अडीच महिने मी असे काढले. जेवण जाईना. नमाजेला उभा राहिलो तरी डोळ्यांपुढं बेरजा.

मग तो फोन आलाच.

"सय्यदसाहेब, सुवर्णा बॅग भरून बसलीय," गंगाधरराव म्हणाले. सुवर्णा म्हणजे तीच पोरगी. अकरावीला आमच्याच वसतिगृहात होती, डॉक्टरकीच्या क्लासला. "क्लासात पोरं लई, म्हणते दम कोंडून राहिलाय. रोज फोन करून रडती. म्या म्हणलं, यायचं तर ये माय, जबरदस्ती न्हाई. पण बापाचा कागद एकदा वाच, मग ठरव. परवा म्या लातूरला जातो. तुम्ही कागद घेऊन या."

मी "येतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला आणि सुनंदाबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, बाई तोंड सोडतील. पण त्यांनी तो फोटो उघडला आणि बराच वेळ नाक लावून बघत बसल्या.

"मामू, हे डाग कशाचे?"

"मळ असंल. मी म्हणलो होतो ना साफ करा म्हणून."

"भूकंपाचा रुमाल म्या साफ केलाच न्हाई. खोटं कशाला बोलू, त्याला हात लावायचं भ्या वाटलं मला. माझ्या माहेरची माणसं गेलीत त्यात. म्हणलं, शेवटी करू." मग हळूच म्हणाल्या, "मामू, ही शाई हाय. मागून उतरलीय."

त्यांनी एक कळ दाबली आणि फोटो डावा-उजवा पलटला. मग तो गडद केला. बेरजा उलट्या झाल्या आणि त्यांच्या मधे निळसर अक्षरं सुलटी उभी राहिली. सगळ्यात आधी दिसली ती सही, डाव्या हाताची, वाकडीतिकडी. मी लहान लेकरासारखा रडलो. बाई उठून पाणी आणायला गेल्या, ते बरं केलं.

पण सगळं कुठं दिसत होतं? जिथं शाई जास्त पसरली तेवढंच. वर नाव आणि गाव. मधे 'गंगाधरकडे द्यावे'. एका ओळीत 'माळवदाच्या घरात झोपवू नका'. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगडाच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, त्यानंच माणसं मारली होती. सातव्या ओळीत 'तिची शाळा' एवढं स्पष्ट होतं, आणि पुढं सगळ्या छापील आकड्यांचा चिखल. बाईंनी होत्या नव्हत्या त्या कळा दाबून बघितल्या. पुढचं अक्षर काही निघेना.

त्या फोटोची छापील प्रत घेऊन मी लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी कागद हातातून खाली ठेवला नाही. लातुरात उतरलो तर चहूकडं पाठीवर दप्तरं लावलेली लेकरं, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. त्या गर्दीतून चालताना मलाच धाप लागली, तर पोरीचं काय चुकलं, असं मनात आलं.

वसतिगृहाच्या ऑफिसात गंगाधरराव बसले होते. केस पांढरे झालेले. शेजारी सुवर्णा, मांडीवर बॅग. कपाळ हुबेहूब गुरुजींचं. मी उभ्यानंच सांगितलं की कागद नाही, माझ्याच हुकमानं गेला, आणि त्याची ही सावली तेवढी उरलीय.

गंगाधरराव माझ्याकडं बघत राहिले. "तुम्ही जबान दिली होती, साहेब," म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

पोरीनं प्रत हातात घेतली. सहीवरून बोट फिरवलं. "डाव्या हातानं केलीय?"

"हो. उजव्याला लागलं होतं."

माळवदाची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. तेव्हा गंगाधरराव पहिल्यांदा हलले. "आमचं घर पत्र्याचं हाय," ते म्हणाले, कुणाला कोण जाणे. "माझ्या बापाचं माळवद होतं, ते म्या त्याच साली उतरवलं. कुणी सांगितलं नव्हतं मला." आणि तोंड फिरवून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

पोरगी खाली सरकत सातव्या ओळीवर आली. "चाचा, 'तिची शाळा'च्या पुढं काय?"

"दिसत नाही, बेटा."

"पण तुम्हीच लिहिलं होतं ना? मग तुम्हाला माहीत असंल."

खरं लिहितो. मला दोन गोष्टी आठवत होत्या. एक, 'तिची शाळा सुटू देऊ नका.' दुसरी, 'तिची शाळा तिच्या मनावर सोडा.' दोन्ही गुरुजींच्या आवाजात. दोन्ही त्यांना शोभणाऱ्या. इस्लापूरला असताना पोरांना मारून शाळेत आणणाऱ्या बापांशी ते भांडायचे, हेही मला माहीत होतं. ताडपत्रीखाली ते यातलं काय म्हणाले, ते आठवेना. पोरीचा हात बॅगेच्या बंदावर होता. गंगाधरराव माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना काय ऐकायचं होतं ते दिसत होतं. आठवत नाही, असं म्हणायला पाहिजे होतं. तेवढी हिंमत झाली नाही. कागद घालवणारा माणूस, आता वर शब्दही घालवला असं कोणत्या तोंडानं सांगू?

"सुटू देऊ नका, म्हणाले होते," मी म्हणालो. "तिची शाळा सुटू देऊ नका."

पोरगी बॅग घेऊन वर खोलीत गेली. वॉर्डनबाईंनी थोड्या वेळानं येऊन सांगितलं की ती कपडे परत कपाटात लावतेय.

नांदेडला आल्यावर मी सरचिटणीसांना सगळं लिहून दिलं, फक्त ती सातवी ओळ सोडून. त्यांनी दोन्ही बाजू घ्यायचा लेखी आदेश काढला. उशिरा का होईना, निघाला. ज्यांच्या पाठी गेल्या त्या गेल्या. त्यांपैकी किती जणांचं काय काय बुडालं, मला माहीत नाही, आणि ते विचारत फिरायचं धाडस मी केलं नाही.

सुवर्णा डॉक्टर झाली. किनवटकडं तिचा दवाखाना आहे. मधली वर्षं तिला सोपी गेली नाहीत, असं गंगाधररावांनी एकदा सांगितलं. दोनदा ती फार आजारी पडली, एकदा तर घरी जाऊन महिनाभर कुणाशी बोलली नाही. पण शाळा सोडली नाही. बापानं सांगितलंय, म्हणायची. आता दिवाळीला फोन तिचा येतो. ती हसून बोलते, आणि मी तिच्या आवाजात थकवा शोधत बसतो.

गेल्या वर्षी तिकडं जाणं झालं. तिच्या टेबलामागं भिंतीवर ती प्रत काचेच्या चौकटीत लावलीय. सातव्या ओळीतली रिकामी जागा तिनं भरलीय, स्वतःच्या अक्षरात: सुटू देऊ नका. पेशंटला औषध लिहून देता देता ती सांगत होती की हे माझे बाबा, डाव्या हातानं सही केलीय बघा. मी बघत राहिलो. मला एकाच गोष्टीची भीती वाटते, की ताडपत्रीखालचं ते वाक्य एखाद्या दिवशी मला खरोखर आठवेल.

पेशंट गेल्यावर मी उठलो आणि न राहवून ती चौकट खिळ्यावरून काढून उलटी केली.

"काय बघताय, चाचा?"

"काही नाही, बेटा. मागं काही लिहिलंय का, ते."

मागं नुसता पुठ्ठा होता.